उपास आणि इंद्रियदमन

शास्त्रपाठ : यशया ५८:३-७, मत्तय ६:१६-१८, १ करिंथ ९:२४-२७



भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, लेंटचे ४० दिवस होतात. आपल्या श्रीपूर परिसरात हाच काळ ऊसतोडीच्या हंगामाच्या अखेरीचा असतो. फडाच्या कडेला कोप्या असतात आणि टोळ्या पहाटेच्या अंधारात कोयते घेऊन निघतात. मंडळीत उपासाचा उपदेश होत असताना शेजारच्या कोपीत पीठ संपत आलेले असते. म्हणून उपास म्हणजे काय, तो कोणी करावा आणि कशासाठी करावा, हे या पाठात नीट समजून घेऊ.

१. उपास आणि उपासमार

या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. ताटात भाकर असताना देवासाठी हात मागे घेणे हा उपास. ताटच रिकामे असणे ही उपासमार. पहिली गोष्ट माणूस स्वतः निवडतो, दुसरी त्याच्यावर लादली जाते. उपासमारीला भक्तीचे नाव देणे हा गरिबावर अन्याय आहे.

पंडिता रमाबाईंनी दोन्ही गोष्टी अनुभवल्या होत्या. त्यांचे आईवडील तीर्थयात्रा आणि व्रते करीत देशभर फिरले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात हालअपेष्टा सोसून वडील, आई आणि मोठी बहीण असे तिघेही गेले. भूक काय असते हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या मुलींना अन्न, वस्त्र आणि निवारा मिळाला, शाळा आणि हाताला काम मिळाले. भुकेल्यासमोर सुवार्ता अशीच भाकरीसह जाते. १९७२ चा दुष्काळ आणि त्यातली सुकडी आठवणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे आजही आहेत. त्यांना हे वेगळे सांगायला नको.

२. उपासाने आत्मसंयम कसा येतो?

गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आत्म्याच्या फळांमध्ये शेवटचे फळ इंद्रियदमन सांगितले आहे. फळ एका रात्रीत पिकत नाही. करिंथकरांना लिहिताना पौल शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला देतो. आपल्याकडे तालमीतला पैलवान डोळ्यांसमोर आणावा. कुस्ती मैदानात होते, पण ती जिंकली जाते रोजच्या जोर-बैठकांनी. उपास हा आपल्या इच्छेचा असाच रोजचा सराव आहे.

भूक ही साधी, निर्दोष इच्छा आहे. ती दिवसातून अनेकदा येते आणि आपण लगेच तिचे ऐकतो. एक दिवस आपण तिला म्हणतो, "थांब." ती पुन्हा येते, आपण पुन्हा थांबवतो आणि तेवढा वेळ प्रार्थनेला देतो. हळूहळू मनाला कळते की, इच्छा झाली म्हणजे ती पुरवलीच पाहिजे असे नाही. हेच मन पुढे रागाला, दारूला, उधळपट्टीला नाही म्हणू शकते. अरण्यात ४० दिवसांच्या उपासानंतर प्रभूपुढे पहिला मोह भाकरीचाच आला (मत्तय ४:१-४). तिथे त्याने देवाच्या वचनाचा आधार घेतला. आपणही नुसत्या हट्टाने उपास करू नये. प्रार्थना आणि वचन नसेल तर ते फक्त एक जेवण चुकवणे होते.

उपासाच्या दिवशी आपला स्वभावही उघडा पडतो. दुपारनंतर घरच्यांवर चिडचिड होऊ लागली, तर ती उपासाने आणलेली नसते. ती आतच होती, जेवणाने झाकलेली होती. ती ओळखून प्रभूपुढे कबूल करावी.

३. दोन खड्डे

पहिला खड्डा दिखाव्याचा. प्रभू सांगतो की उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. लूक १८ मधील परूशी आठवड्यातून दोनदा उपास करीत होता, पण त्याचा हिशेब देवाला रुचला नाही. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण पंढरपूरच्या या मुलखात सर्वांना ठाऊक आहे. ती दुसऱ्याला ऐकवण्याआधी आपल्या संध्याकाळच्या ताटाकडे पाहावे.

दुसरा खड्डा अन्यायाचा. यशयाच्या काळात लोक उपास करीत होते आणि त्याच दिवशी मजुरांकडून सक्तीने काम करून घेत होते. देवाने तो उपास नाकारला. बेड्या तोडणे, भुकेल्याला भाकर देणे, बेघराला घरात घेणे हा त्याला आवडणारा उपास आहे. आज आपल्याकडे मजूर असतील, तर उपासाच्या दिवशी त्यांची मजुरी वेळेवर आणि पूर्ण गेली का, हे आधी पाहावे.

४. वाचलेली भाकर कोठे गेली?

दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिलेल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात एक सोपी पद्धत सांगितली आहे. उपासाच्या दिवशी जे खाल्ले नाही त्याची किंमत काढावी आणि ती विधवा, अनाथ किंवा गरजू माणसाला द्यावी. मिझोराममधील ख्रिस्ती बहिणींनी १९१० मध्ये अशीच एक रीत सुरू केली. स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी बाजूला काढायचा. मूठभर तांदळावर तिथल्या मंडळीची कितीतरी कामे उभी राहिली. आपणही ज्वारीची एक मूठ बाजूला काढू शकतो.

५. कोणी अन्नाचा उपास करू नये

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, लहान मुले, थकलेले वृद्ध, क्षयरोगाची औषधे घेणारे आणि मधुमेही यांनी अन्न सोडू नये. आपल्या आदिवासी बांधवांत सिकलसेलचा आजार आढळतो. अशा रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले तर असह्य वेदना सुरू होऊ शकतात. त्याने पाणी कधीच तोडू नये. कॅथोलिक मंडळीतही उपासाचा नियम १८ ते ५९ वयाच्या निरोगी माणसांनाच लागू आहे.

कोप्यांतल्या प्रार्थनेनंतर एका बहिणीने विचारले होते, "ताई, आमचा तर निम्मा उपासच असतो. देवाला आणखी किती पाहिजे?" याचे उत्तर सरळ आहे. देवाला तिची भाकर नको. तो भरल्या घराला सांगतो की, तुझ्यातली तिला दे. तिच्या घरातला उपास दारूचा, गुटख्याचा, मिश्रीचा, शिवीगाळीचा असू द्यावा. तिच्या नवऱ्याने ४० दिवस बाटली सोडली, तर उचल फिटायला हातभार लागेल आणि लेकरांच्या ताटात दूध येईल. तो उपास कोणत्याही पाळकाच्या उपासापेक्षा कमी नाही.

या लेंटमध्ये इतके करा

• आठवड्यातून एक दिवस, एक वेळचे जेवण सोडा. पाणी प्या.
• जेवणाच्या वेळेत यशया ५८ वाचा आणि एका गरजू घरासाठी प्रार्थना करा.
• वाचलेले धान्य किंवा पैसे त्याच आठवड्यात पोहोचवा. नाव सांगू नका.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझी कोणती इच्छा मला "थांब" म्हणू देत नाही?
२. माझ्या उपासाने माझ्या घरातल्या किंवा शेतातल्या कोणाचे ओझे हलके झाले?
३. आपल्या मंडळीच्या जवळ कोणती वस्ती आज उपाशी आहे?

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या हातांना थांबायला शिकव आणि द्यायलाही शिकव. जे उपाशी आहेत त्यांच्यापर्यंत आमची भाकर पोहोचू दे. आमेन.