चित्राची गति आणि गाण्याचा ताल

जपानी अॅनिमे चित्रपटांतील आवडते प्रसंग निवडून ते एखाद्या गाण्यावर बसविण्याचा छंद तुमच्यापैकीं पुष्कळांस आहे. ही हौस नवी नव्हे. 1982 सालीं अमेरिकेंत जिम काप्पोझ्टास या तरुणानें दोन व्हिडिओ यंत्रें एकमेकांस जोडून असें पहिलें चित्रगीत सिद्ध केलें, असें मानलें जातें. साधनें आतां सुलभ झालीं आहेत. परंतु गति व ताल यांचा मेळ घालण्याची विद्या अभ्यासावांचून साध्य होत नाहीं. तिचे दोन नियम येथें सांगावयाचे आहेत.

पहिला नियम हिशेबाचा. चित्रपटांत दर सेकंदास 24 चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. गाण्याची लय मिनिटास 120 मात्रांची असल्यास एका मात्रेच्या वाट्यास बरोबर 12 चित्रें येतात. परंतु लय 100 मात्रांची असल्यास 14.4 येतात. अशा वेळीं कोणी प्रत्येक तुकडा 14 चित्रांचाच कापीत गेला, तर 60 मात्रांनंतर चित्र गाण्याच्या पुढें पूर्ण एक सेकंद गेलेलें आढळेल. म्हणून प्रत्येक छेद मागील छेदापासून न मोजतां गाण्याच्या पहिल्या मात्रेपासून मोजावा.

दुसरा नियम वजनाचा. तो आपल्या न्हावा शेव्याच्या खाडीनें शिकविण्याजोगा आहे. होडी वल्हविणारा कोळी वल्हें पाण्यांत घालून ओढतो, तेव्हां पाण्याचा भार त्याच्या हातांवर येतो. तेंच वल्हें हवेंतून परत आणतांना हात हलके होतात. जोर एका ठिकाणीं, विसावा दुसऱ्या ठिकाणीं. तालांतही सम व खाली यांचें नातें असेंच आहे. स्नेहसंमेलनांतील कोळीनृत्यांत कित्येक मुलें दोन्ही हालचाली सारख्याच जोरानें करतात. त्यांचें नृत्य तालांत असतें, परंतु होडी हलत नाहीं!

चित्रगीतांतही हेंच होतें. तरवारीचा वार दाखवावयाचा असेल, तर हात उचलण्याचा क्षण नव्हे, घाव बसण्याचा क्षण समेवर आणावा. उचलणें आधींच्या मात्रांत होऊं द्यावें. तसेंच प्रत्येक मात्रेस चित्र बदलूं नये. सर्वच मात्रांवर आघात केला म्हणजे सम कोणती तें ओळखूं येत नाहीं, आणि पाहणाऱ्याचा डोळा मात्र शिणतो.

येथें 1989 सालीं मोठें बंदर सुरू झालें. त्यासाठीं शेवा कोळीवाड्यांतील कुटुंबें उरणच्या हनुमान कोळीवाड्यांत गेलीं. होड्यांस यंत्रें बसलीं आणि वल्ह्याची लय बहुतांशीं गाण्यांत व नृत्यांत तेवढी उरली. ज्यांच्या घरीं वल्हें मारलेले वडीलधारे आहेत, त्यांनीं त्यांच्या हातांची हालचाल एकदां लक्षपूर्वक पाहावी, तिचें चित्रण करून ठेवावें, आणि ओढीचा जोर समेवर आणून तें एखाद्या कोळीगीतावर बसवावें. नियमांचा अभ्यास होईल, आणि जें पाहावयास पुढें कोणी मिळणार नाहीं, तें जतनही होईल.