जुना ट्रॅक्टर आणि सुट्या भागांची खरेदी



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्यावर, खतावर, लागणीच्या तारखांवर लिहावे. ट्रॅक्टरच्या बेअरिंगशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. फडात तोडून पडलेला ऊस कारखान्यात वेळेवर आला तरच बाकीच्या मेहनतीला अर्थ. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत उसाचे गाळप व्हावे, अशी शिफारस आपण सर्वजण ऐकतो. त्यानंतर ऊस वाळतो, म्हणजे वजन घटते. आतल्या साखरेचे विघटन सुरू होते, म्हणजे उतारा घटतो. वजनाचा तोटा एकट्या सभासदाचा, उताऱ्याचा तोटा सगळ्यांचा. समजा दहा टन ऊस रस्त्यात अडकला आणि वजनात शंभराला दोन इतकीच घट आली, तरी दोनशे किलो ऊस वाऱ्यावर गेला. वर टोळी बसून राहिली ती वेगळीच.

मागे एका हंगामात आमच्या गटातील एका सभासदाची भरलेली जोडट्रॉली रात्री रस्त्यातच बसली. ट्रॉलीच्या हबचे बेअरिंग फुटले होते. हंगामाच्या तोंडावर ते बदलले होते, पण नावगाव नसलेले, स्वस्तातले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला माणूस गेला, तो चुकीचे बेअरिंग घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बरोबर मिळाले. तोपर्यंत ॲक्सलचे टोकही खराब झाले होते. बेअरिंगमध्ये वाचवलेले चार पैसे कुठल्या कुठे गेले. चाक निखळून कोणाच्या अंगावर गेले नाही, हे नशीबच म्हणायचे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच आहे, की जुन्या ट्रॅक्टरला स्वस्त भाग मिळतो. पण तो ट्रॅक्टरच्या नावावर मागून मिळत नाही, नंबर आणि माप सांगून मिळतो. आणि स्वस्त कुठे चालेल व कुठे चालणार नाही, हे दुकानात जाण्याआधी घरीच ठरवावे लागते.

१. आपला ट्रॅक्टर कोणत्या घराण्यातला?

आपल्या भागात वीस-तीस वर्षे झालेले ट्रॅक्टर अजून वाहतुकीला आहेत. त्यांपैकी काहींच्या कंपन्या बदलल्या, काही बंद झाल्या. एच.एम.टी.चा ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला होऊ लागला. तो त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील झेटरवरून घेतलेला. हा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. आयशरचा ट्रॅक्टर धंदा २००५ मध्ये टॅफेकडे गेला. स्वराजची मूळ कंपनी पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्राने घेतली. फोर्ड ३६०० चे घराणे पुढे फार्मट्रॅक या नावाने चालले.

यात घाबरण्यासारखे काही नाही. कंपनी बंद झाली म्हणून ट्रॅक्टर भंगारात गेला असे होत नाही. कारण ट्रॅक्टरवर ज्याचे नाव असते त्याने त्यातले सगळे भाग बनवलेले नसतात. मॅसी १०३५ चे इंजिन सिम्प्सनचे. पंप-नोझल पुष्कळ गाड्यांना मायकोचे, स्टार्टर ल्युकासचा, बेअरिंग आणखी तिसऱ्याचे. हे भाग बनवणारे आजही धंद्यात आहेत. जुने मिस्त्री "मायकोचा नोझल द्या" म्हणतात, आणि खोक्यावर बॉश लिहिलेले पाहून सभासद चक्रावतो. मायको कंपनीचेच नाव २००८ मध्ये बॉश झाले, म्हणजे फसवणूक नाही. मात्र पंपाच्या पट्टीवरील आणि नोझलवरील नंबर जुळला पाहिजे.

२. जुना भाग फेकू नका

ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून सांगतो. घरच्या ट्रॅक्टरच्या मागच्या ॲक्सलचा ऑइल सील गेला. मिस्त्रीने जुना सील स्क्रू-ड्रायव्हरने उपटून काढला आणि बांधावर भिरकावला. आम्ही ऐटीत दुकानात जाऊन ट्रॅक्टरचे नाव सांगितले. दुकानदाराने सील दिला, तो बसेना. त्याच नावाच्या ट्रॅक्टरमध्ये मध्येच कधीतरी बदल झालेला. पुन्हा चाळीस किलोमीटर जाणे आणि येणे. शेवटी बांधावरचा तो सील पोरांनी शोधून आणला, तेव्हा त्यावर माप स्पष्ट लिहिलेले होते!

म्हणून पहिला नियम असा, की जुना भाग पुसून, कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. त्याच्याबरोबर ट्रॅक्टरचे मॉडेल, चॅसी नंबर, इंजिन नंबर आणि साल एका वहीत लिहून न्यावे.

३. नंबर वाचायला शिका

हे शाळेतल्या पाढ्याइतके सोपे आहे.

बेअरिंग : कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६२०६. शेवटचे दोन आकडे ०६, त्यांना पाचाने गुणा. आले तीस. म्हणजे आतले भोक ३० मि.मी. बाहेरचा व्यास ६२ आणि जाडी १६ मि.मी. आता ६३०६ घ्या. भोक तेच ३०, पण बाहेरचा व्यास ७२ आणि जाडी १९. शाफ्टवर दोन्ही बसतील, घरात एकच बसेल. हा पाचाचा हिशेब ०४ पासून पुढे लागू पडतो. नंबरपुढे दोन झेड अक्षरे असतील तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे, २ आर.एस. असेल तर रबराची. ही मापे जगभर एक आहेत. म्हणून ६२०६ कोणत्याही नामांकित कंपनीचे घ्या, बसणारच. ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यातलेच हवे असा हट्ट नको. चाकाच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंगे असतात. त्यांतली पुष्कळशी इंची मापाची असतात, त्यांना वरचा हिशेब लागत नाही. तेथे आतला कोन आणि बाहेरचा कप, दोन्हींवरचे नंबर उतरून घ्यावेत आणि दोन्ही जोडीनेच बदलावेत. जुन्या कपात नवा कोन घालणे म्हणजे खिळखिळ्या चौकटीला नवे दार.

ऑइल सील : यावर तीन आकडे असतात, जसे ३५-५२-१०. पहिला शाफ्टचा व्यास, दुसरा घराचा, तिसरा जाडी. पुसले गेले असतील तर व्हर्नियरने मोजा. गावात एखाद्याकडे व्हर्नियर असतोच. नसेल तर वर्गणी काढून घ्यावा.

पट्टा : ए आणि बी या जातींचे पट्टे नेहमीच्या वापरातले. ए ची वरची रुंदी १३ मि.मी., बी ची १७ मि.मी. पुढचा आकडा लांबीचा, इंचांत. ए च्या खाचेत बी बसवला तर तो वर तरंगतो, घसरतो आणि फाटतो.

बोल्ट : इंग्लंड-अमेरिकेच्या नमुन्यावरून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांना इंची आटे, तर झेटरवरून आलेल्या एच.एम.टी.ला मि.मी. आटे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. बारा मि.मी.चा बोल्ट त्यात "बसतोय की" म्हणून फिरवला, तर तो ढिला राहतो आणि ऐन ओढीत आटे घेऊन बाहेर येतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेले असते, ती त्याची ताकद. इंची बोल्टवर तीन रेघा असतील तर तो मजबूत, सहा रेघा असतील तर त्याहून मजबूत. डोके कोरे असेल तर तो बोल्ट मडगार्डला लावा, चाकाला नको.

४. कुठे काटकसर, कुठे नाही

खरेदीची यादी करताना तिचे चार भाग पाडावेत.

(अ) नवे आणि खात्रीचेच घ्यावेत असे भाग : ब्रेकचे सर्व सामान, स्टेअरिंगचे बॉल जॉइंट, ट्रॉलीच्या हबची बेअरिंगे, ट्रॉली जोडण्याची पिन, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, हेड गॅस्केट, नोझल. येथे हात आखडू नये. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालून भरलेली ट्रॉली ओढणारे आम्ही पाहिले आहेत. चढाला तो तुकडा तुटला, तर मागच्या मोटारसायकलवाल्याने काय करायचे?

(आ) बाजारातील नामांकित कंपनीचे चालतात असे भाग : फिल्टर, सील, पट्टे, पाण्याच्या पंपाचे किट, होज पाइप. ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडतात.

(इ) दुरुस्त करून वापरावेत असे भाग : स्टार्टर आणि अल्टरनेटर गुंडाळून मिळतात, क्लच प्लेटला नवे लायनिंग बसते, रेडिएटरला नवा कोअर टाकता येतो, झिजलेल्या बुशच्या जागी लेथवर नवा बुश होतो. क्रँक ग्राइंड करून पुन्हा वापरता येतो. त्यासाठी बेअरिंगे दहा, वीस, तीस हजारांश इंच कमी मापाची मिळतात. क्रम मात्र चुकवू नये. आधी मायक्रोमीटरने क्रँक मोजावा, मग त्या मापाची बेअरिंगे घ्यावीत, मग ग्राइंडिंग. बेअरिंग बाजारात मिळते की नाही हे न पाहता क्रँक घासून ठेवला, तर पुढच्या मापासाठी पुन्हा घासावा लागतो. असल्या कामाला आपल्या भागात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरसारखे ठिकाण नाही. स्टेअरिंगचा आर्म मात्र वेल्डिंग करून कधीही वापरू नये.

(ई) जुन्या बाजारातून घेता येतात असे भाग : बॉनेट, मडगार्ड, रिम, सीट, डिझेल टाकी, गिअरबॉक्सचे व ॲक्सलचे घर. हे ओतीव किंवा पत्र्याचे भाग फारसे झिजत नाहीत. ओतीव भाग घेताना चीर तपासायची एक जुनी युक्ती आहे. भाग स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसावे आणि खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. जुना गिअर घेताना दातांवर खड्डे आहेत का, ते उजेडात पाहावे. क्राऊन आणि पिनियन एकमेकांबरोबर मुरलेले असतात. एक नवा एक जुना घेऊ नये, जोडीच घ्यावी.

आणखी एक. भंगारातून अख्खे इंजिन घ्यायचे असेल तर विकणाऱ्याची कागदपत्रे आणि इंजिन नंबर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि इंजिन बदलल्यावर आर.टी.ओ.कडे नोंद करावी. नाहीतर स्वस्तातले इंजिन पोलीस ठाण्यात उभे राहायचे.

५. कुठे घ्यावे, कसे घ्यावे

तालुक्याच्या दुकानात नाही मिळाले तर पुण्याच्या नाना पेठेत वाहनांच्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. मोठा घाऊक बाजार दिल्लीच्या काश्मिरी गेटचा. ट्रॅक्टरचे भाग लुधियानाकडे आणि इंजिनचे भाग राजकोटकडे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. आपल्या दुकानातला पुष्कळ माल तिकडूनच येतो. एकट्यासाठी एवढ्या लांबून माल मागवणे परवडत नाही. पण एका गटात एकाच मॉडेलचे सात-आठ ट्रॅक्टर असतील तर यादी एकत्र करावी. दुकानदारही सात सेटच्या मागणीला वेगळा भाव देतो.

पक्के बिल घ्यावे. "बिलाशिवाय स्वस्त देतो" या बोलण्याला भुलू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरील आणि ठरावीक भागांवरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कर कमी झाल्याचा लाभ बिलावरच दिसतो. बिल नसेल तर नकली निघालेला माल परतही करता येत नाही. नामांकित कंपनीच्या खोक्यात नकली माल घालणारे आहेत. छपाई पुसट असेल, कोरलेला नंबर वेडावाकडा असेल, किंवा भाव इतर दुकानांपेक्षा फारच खाली असेल, तर तेथून पाऊल मागे घ्यावे.

६. वेळ कोणती?

बैलाची खांदेमळणी आपण बेंदराला करतो, ऐन नांगरटीत नव्हे. ट्रॅक्टरचेही तसेच. हंगाम संपला की ट्रॅक्टर धुऊन, ड्रायव्हर आणि मिस्त्री दोघांना समोर बसवून, कुठे आवाज येत होता, कुठे तेल गळत होते, याची यादी करावी. ड्रायव्हरला जे माहीत असते ते मालकाला नसते. पावसाळा सुरू होण्याआधी मागणी द्यावी आणि गणपतीपर्यंत काम उरकावे. मोळी पडल्यावर दुकानात गेलात तर गरज तुमची आणि भाव त्याचा.

हंगामात पेटीत एवढे तरी असावे : हबच्या बेअरिंगचा एक जोड, त्याचे सील, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, एक जादा पिन व तिची खीळ, ग्रीस आणि नंबरांची वही. पहाटे दोन वाजता रस्त्यावर ही पेटी जे काम करते ते दहा दुकाने करू शकत नाहीत.

आमची सूचना अशी, की प्रत्येक गटात सभासदांनी आपापल्या ट्रॅक्टरच्या व ट्रॉलीच्या बेअरिंग-सीलचे नंबर उतरवून एक प्रत गट ऑफिसला द्यावी. चिटबॉयकडे ती वही राहील. कोणाची गाडी अडली तर कोणाकडे तोच नंबर शिल्लक आहे, हे एका फोनवर कळेल. यासाठी पैसा लागत नाही, एक रिकामी दुपार लागते. यंदा हंगाम संपताच ती दुपार काढावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी