घटक ४ : इतिहासलेखनाचा विकास आणि त्याची साधने (हबशांचा इतिहास व मराठी साधने)

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• वृत्तान्त, चरित्र, बखर आणि अस्सल कागद यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• इथिओपियातील आणि महाराष्ट्रातील इतिहासलेखनाची तुलना करता येईल.
• मलिक अंबरच्या उदाहरणावरून साधनांची चिकित्सा कशी करावी, हे सांगता येईल.
• आपल्या परिसरातील साधनांची शिस्तबद्ध नोंद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

छत्रपती संभाजीनगर हे शहर मुळात ‘खडकी’ या नावाने १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचा. तो लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अनेक हातांतून फिरत अहमदनगरला आला आणि निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. मराठवाड्याच्या भूमीवर एवढा ठसा उमटवणाऱ्या या पुरुषाने स्वतःचे चरित्र मात्र लिहून ठेवलेले नाही. त्याच्याविषयी आपल्याला जे कळते, ते मुख्यतः इतरांनी लिहिले म्हणून कळते. आणि त्या इतरांपैकी बरेच जण त्याचे शत्रू होते.

मग अशा माणसाचा इतिहास लिहावा कसा? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला दोन परंपरांकडे पाहावे लागेल : तो ज्या देशातून आला त्या देशाची लेखनपरंपरा आणि तो ज्या देशात रुजला त्या आपल्या प्रदेशाची लेखनपरंपरा.

४.२ इथिओपियातील इतिहासलेखन

इथिओपियातील लेखनाचा आरंभ शिलालेखांपासून होतो. चौथ्या शतकात अक्सूमचा राजा एझाना याने आपल्या विजयांचे लेख ग्रीक आणि गीझ या भाषांत कोरविले. त्याच्या आधीच्या लेखांत जुन्या देवतांची नावे आहेत; ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरच्या लेखांत ती नाहीत. राजाचा धर्म बदलला हे त्या लेखांच्या शब्दांतूनच समजते.

पुढे गीझ भाषेत तीन प्रकारचे लेखन वाढले. पहिला प्रकार वंशकथेचा. चौदाव्या शतकातील ‘केब्रा नगश्त’ या ग्रंथात इथिओपियाचे राजे हे सॉलोमन राजा आणि शेबाची राणी यांच्या पुत्राचे वंशज ठरविले आहेत. १२७० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या घराण्याला या कथेने प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसरा प्रकार संतचरित्रांचा. त्यांना ‘गद्ल’, म्हणजे झुंज किंवा तपस्या, असे म्हणतात. तिसरा प्रकार राजवृत्तांचा. अम्दा सियोन या राजाच्या चौदाव्या शतकातील मोहिमांचा वृत्तान्त हा त्याचा एक प्राचीन नमुना होय. राजवृत्ते लिहिण्याचे काम पुढे दरबारातील आज्ञालेखकाकडे आले.

सोळाव्या शतकात या परंपरेला वेगळे वळण मिळाले. इमाम अहमद इब्न इब्राहीम याने १५२९ पासून इथिओपियाच्या ख्रिस्ती राज्यावर मोठ्या स्वाऱ्या केल्या. १५४३ मध्ये तो लढाईत पडला. या युद्धाची हकीकत एका बाजूने गीझ राजवृत्तांत आहे, तर दुसऱ्या बाजूने ‘अरब फकीह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने ती अरबीत लिहिली. एकाच युद्धाला दोन्ही बाजूंचे साक्षीदार लाभले. त्यानंतर १५९३ मध्ये बाह्रेय नावाच्या धर्मगुरूने ओरोमो लोकांचा वृत्तान्त लिहिला. ज्यांनी आपला मुलूख घेतला ते का जिंकतात आणि आपण का हरतो, हा प्रश्न त्याने त्यात उघडपणे विचारला. राजाची स्तुती सोडून कारणे शोधण्याकडे वळलेले हे लेखन म्हणूनच महत्त्वाचे आहे.

४.३ मराठीतील इतिहासलेखन

मराठीचा प्रवासही याच टप्प्यांनी झाला, असे स्थूलमानाने म्हणता येते. शिलालेख आणि ताम्रपट ही आरंभीची साधने. त्यानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणी फिरून, प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ग्रंथाचा हेतू भक्तीचा आहे; पण माहिती कोणाकडून मिळाली याबद्दलची दक्षता इतिहासकाराची आहे. इथिओपियातील ‘गद्ल’ वाङ्मयाशी त्याची तुलना करताना हा विशेष ध्यानात ठेवावा.

बखरींचा काळ त्यानंतरचा. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे शिवछत्रपतींची बखर लिहिली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस याने सप्तप्रकरणात्मक चरित्र लिहिले. चिटणीस हा पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी. इथिओपियातील आज्ञालेखकाशी त्याचे साम्य सहज लक्षात येईल.

येथे शब्दांकडेही पाहू. ‘बखर’ हा शब्द ‘खबर’ या अरबी-फारसी शब्दातील वर्णांची अदलाबदल होऊन आला, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. भाषाशास्त्रात यास ‘वर्णविपर्यय’ म्हणतात. गीझ भाषेत राजवृत्ताला ‘झेना मवाएल’ असे नाव आहे आणि ‘झेना’ या शब्दाचाही अर्थ खबर, वार्ता असाच आहे. त्याचप्रमाणे अरबी ‘तारीख’ हा शब्द इथिओपियात ‘तारिक’ या रूपात ‘इतिहास’ या अर्थाने रूढ झाला. मराठीत मात्र ‘तारीख’ दिवसापुरती उरली आणि ‘तवारीख’ इतिहासाच्या वाट्याला आली. समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकाच शब्दाने दोन संसार थाटले. ‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ या अरबी देशनामावरून आला. ‘शिद्दी’ हा ‘सय्यिदी’, म्हणजे ‘माझे स्वामी’, या आदरवाचक संबोधनावरून आला, अशी व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते.

४.४ वंशकथेची चिकित्सा : पाथरीचे उदाहरण

परभणी जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना जवळचे असे एक उदाहरण घेऊ. निजामशाहीचे मूळ कोणते? विजापूरच्या आश्रयाने लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की निजामशाहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. अहमदनगरच्या दरबारात ‘बुर्हान-इ-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबाई मात्र या घराण्याचा संबंध बहमनी राजरक्ताशी जोडतो.

दोन्ही लेखक जवळजवळ एकाच काळातले. मग कोणावर विश्वास ठेवावा? तबातबाईला आपल्या धन्याचे कुळ थोर दाखविण्याची गरज होती. फिरिश्ता पूर्वी अहमदनगरला होता, म्हणून त्याला आतली माहिती असण्याचा संभव आहे. पण लिहिताना तो प्रतिस्पर्धी दरबारात होता, हेही विसरता येत नाही. तथापि पाथरीवर ताबा मिळविण्यासाठी निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी झगडा केला, ही स्वतंत्रपणे ज्ञात असलेली घटना फिरिश्त्याच्या कथनाशी जुळते. त्यामुळे त्याचे कथन अधिक संभवनीय ठरते. मात्र ‘अधिक संभवनीय’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन शब्दांतील अंतर कधीही पुसू नये.

४.५ मलिक अंबर : चार साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मलिक अंबरविषयीची प्रमुख साधने चार गटांत मांडता येतात.

(अ) मोगल फारसी ग्रंथ : जहांगीर बादशहा आपल्या आत्मवृत्तात अंबरचा उल्लेख वारंवार अपशब्दांनी करतो. अंबरच्या छिन्न मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे, असे चित्रही त्याने काढविले. असा प्रसंग प्रत्यक्षात कधीच घडला नाही. म्हणजे ते चित्र अंबरविषयी थोडे आणि बादशहाच्या संतापाविषयी अधिक सांगते. याउलट, मोगल इतिहासकार मुतमिद खान याने अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याचे युद्धकौशल्य आणि राज्यकारभार यांचा मोकळेपणाने गौरव केला. मित्राच्या स्तुतीपेक्षा शत्रूने दिलेली कबुली अधिक वजनदार मानावी, हा साधनचिकित्सेचा नियम येथे उपयोगी पडतो.

(आ) परदेशी प्रवासी : पीटर व्हान डेन ब्रोक हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरच्या छावणीत आला होता. त्याने अंबरचे रूप आणि त्याच्या गुलामीच्या दिवसांची माहिती लिहून ठेवली. तो प्रत्यक्षदर्शी आहे, ही त्याची जमेची बाजू. पण त्याचा मुक्काम थोडा आणि दृष्टी व्यापाऱ्याची, ही मर्यादा.

(इ) संस्कृत काव्य : कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त १६२४ च्या भातवडीच्या लढाईचे वर्णन आहे. कवीचा नायक भोसले कुळातला आहे; त्यामुळे त्या कुळाच्या पराक्रमावर प्रकाश अधिक पडतो.

(ई) मराठी कागद : निजामशाही अमलातील अनेक मराठी पत्रे ‘अज रख्तखाने’ अशा फारसी मायन्याने सुरू होतात. लिपी मोडी, भाषा मराठी आणि कालगणना शुहूर सनाची. जमीनमहसुलाच्या संदर्भात ‘मलिकंबरी’ हा शब्द तर माणूस गेल्यावरही मराठीत टिकून राहिला. या कागदांचा हेतू कोणाचे चरित्र सांगण्याचा नव्हता. इनाम, वतन, सारा यांचा व्यवहार चालविण्याचा होता. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची आहे.

कालनिश्चितीचे एक उदाहरण पाहा. ‘इसन्ने अशर व अलफ’ म्हणजे दोन, दहा आणि हजार, अर्थात १०१२. शुहूर सन मृगाला सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे. येथे इ. स. १६११-१२ हे वर्ष येते. इथिओपियाची कालगणनाही आपल्या प्रचलित सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे असते आणि तिचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते. सन न बदलता आकडा उचलणे ही नवशिक्या अभ्यासकाची नेहमीची चूक होय.

४.६ आधुनिक दृष्टी

१८२६ मध्ये ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यावर मराठीत पहिली साक्षेपी टीका नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी केली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक सुरू होऊन बखरी छापून येऊ लागल्या. १८९८ पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ, हा आग्रह राजवाड्यांनी धरला. तो योग्यच होता. परंतु बखर टाकाऊ ठरते असे मात्र नाही. घटना केव्हा घडली हे कागद सांगतो. लोकांनी ती कशी स्मरली हे बखर सांगते. पुढे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली, तेव्हा एकाच घटनेची दुसरी बाजूही मराठी वाचकाला वाचता आली.

४.७ क्षेत्रीय कार्य

ताडकळस किंवा तुमच्या स्वतःच्या गावी पुढील काम करा. मंदिर, दर्गा, बारव, वीरगळ यांपैकी एका वास्तूची जागा, मापे आणि सद्यःस्थिती लिहा. एखाद्या घरी मोडी किंवा उर्दू कागद असल्यास मालकाच्या परवानगीने त्याचे छायाचित्र घ्या. कागद ताब्यात घेऊ नका. १९४८ च्या सप्टेंबरातील दिवस आठवणारी वयोवृद्ध व्यक्ती भेटल्यास तिचे कथन तिच्याच बोलीत उतरवा. सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि तुम्ही केव्हा लिहून घेतले, या तीन गोष्टी प्रत्येक नोंदीखाली असल्याच पाहिजेत.

४.८ सारांश

इथिओपिया आणि महाराष्ट्र या दोन्ही ठिकाणी इतिहासलेखन शिलालेख, संतचरित्र, वंशकथा आणि दरबारी वृत्तान्त या वाटांनी विकसित झाले. प्रत्येक साधनामागे हेतू असतो. तो ओळखल्यावरच त्याची साक्ष वापरता येते. मलिक अंबरने स्वतःची कहाणी लिहिली नाही, तरी परस्परविरोधी साक्षी ताडून पाहिल्यास त्याचे चरित्र बरेचसे उभे राहते. मात्र त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या आणि सत्तेपर्यंत न पोहोचलेल्या असंख्य माणसांविषयी दरबारी साधने जवळजवळ मूक आहेत. साधनांचे हे मौन ओळखणे हीदेखील इतिहासाच्या अभ्यासकाची जबाबदारी आहे.

४.९ स्वाध्याय

१. ‘बखर’ व ‘झेना मवाएल’ या संज्ञांची तुलना करा. (१०० शब्द)
२. निजामशाहीच्या मूळाविषयीच्या दोन कथनांची चिकित्सा करा. (२०० शब्द)
३. ‘शत्रूची साक्ष’ हे साधन कितपत विश्वसनीय असते? मलिक अंबरच्या आधारे लिहा. (३०० शब्द)
४. शुहूर सन १०१५ च्या फाल्गुनातील पत्राचे इसवी सन काढा.