विचार येतात, येऊ द्या!

पीएल सुरू झाली की आपल्या हॉस्टेलवर दोन गोष्टी वाढतात. एक चहाचे कप आणि दुसरं, ‘यार, लक्षच लागत नाही’ हे वाक्य. हे वाक्य मीही खूप म्हटलंय. सेकंड इयरला मॅथ्समध्ये केटी लागली तेव्हा पुस्तक उघडं असायचं आणि डोक्यात घरचा फोन चालू असायचा: ‘बाबांना काय सांगू?’ त्याच काळात एका सीनियरने मला बसायला शिकवलं.

बसायचं म्हणजे बौद्ध परंपरेतलं ध्यान. आपल्या शहराचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. परळच्या कामगारवस्तीत धर्मानंद कोसंबींनी १९३०च्या दशकात बहुजनविहार सुरू केला होता. पुढे जुलै १९६९मध्ये सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून येऊन भारतातलं पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर घेते झाले, ते दक्षिण मुंबईतल्या पंचायतीवाडी धर्मशाळेत. इगतपुरीचं धम्मगिरी नंतरचं. गोएंका व्यापारी होते, अर्धशिशीने हैराण होऊन ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. हे ऊ बा खिन तिथल्या सरकारचे महालेखापाल! म्हणजे ध्यान करायला नोकरी सोडावी लागते असं काही नाही.

आता मुद्द्याचं. मन रिकामं करायचं असतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. सतिपट्ठान सुत्तात तसं सांगितलेलंच नाही. तिथे काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत. चित्ताबद्दलची सूचना तर अगदी साधी आहे: मनात लोभ असेल तर ‘लोभ आहे’ हे जाणा, नसेल तर ‘नाही’ हे जाणा. राग, भटकणं, सगळ्याचं तसंच. बदला असं म्हटलेलं नाही, जाणा म्हटलंय. आपल्या भाषेत, चांगला व्होल्टमीटर सर्किटमधून जवळजवळ करंट घेत नाही, म्हणून रीडिंग बरोबर येतं. तसंच हे.

करायचं कसं? मांडी घाला, पाठ सरळ, डोळे मिटा. नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहा. श्वास मुद्दाम मोठा करू नका. अर्ध्या मिनिटात तुम्ही दुसरीकडे असाल, पैज लावा! दादरला प्लॅटफॉर्मवर उभं राहून गाड्या पाहायचं ठरवलं, तर स्लो, फास्ट सगळ्या दिसतात. पण विचारांच्या गाडीत आपण कधी चढलो हे कळतच नाही. कुर्ला गेल्यावर कळतं. तिथे स्वतःला शिव्या घालू नका, कारण ‘अरे, मी गाडीत आहे’ हे कळलं तोच खरा अभ्यास. मनात फक्त ‘विचार’ एवढं म्हणा आणि श्वासाकडे परत या. काही ब्रह्मी गुरू असंच नाव द्यायला शिकवतात. विचार कशाबद्दल आहे याच्या खोलात जायचं नाही. ‘काळजी’, ‘आठवण’, ‘प्लॅनिंग’ एवढा प्रकार ओळखला तरी पुरे.

एखादा विचार चिकटलाच तर? मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तात पाच उपाय आहेत. पहिल्याचा दृष्टान्त मला फार आवडतो. कुशल सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, तसा चांगला विचार आणून वाईट घालवायचा. दात आवळून मन दाबणं हा उपायही आहे, पण तो पाचवा, अगदी शेवटचा. आपण सगळे सुरुवातच तिथून करतो!

माझ्यापुरतं झालं ते एवढंच. ‘मी पुन्हा नापास होणार’ हे आधी मला सत्य वाटायचं. रोज वीस मिनिटं बसायला लागल्यावर पंधरा-वीस दिवसांनी ‘नापास होण्याचा विचार आलाय’ असं दिसायला लागलं. तो यायचा थांबला नाही. पण तो येऊन गेल्यावर पुढचं गणित सोडवता यायचं. (दोन-दोन आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र नुसतं बसू नका. वॉर्डनना, डॉक्टरांना सांगा.)

शांत जागा शोधत बसू नका. गणपतीच्या आधी लालबागकडून ढोलाचा सराव ऐकू येतो, तेव्हाही मी गच्चीवर बसलोय. तेव्हा ‘आवाज’ म्हणायचं. पहाटे साडेपाचला टाकीजवळच्या कोपऱ्यात आम्ही तिघं असतो, चटई आपली आपण आणायची.