लव्हाळ्याची गाठ

वळवाचे दोन पाऊस झाले आणि तुझा फोन आला, "आत्या, सरस्वतीपुरमच्या घराभोवती नुसतं रान माजलंय, तणनाशक मारू का?" नको गं. ती चूक मी करून बसले आहे. वाऱ्यावर चार थेंब उडाले आणि कुंपणालगतच्या मैसूर मल्लिगेची पानं आखडली ती आखडलीच. लव्हाळा मात्र महिन्याभरात पुन्हा वर!

आधी लव्हाळ्याचंच सांगते, कारण सगळ्यात चिवट तोच. वरून उपटलास तर पात हातात येते आणि गाठ जमिनीत राहते. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तांबडी माती मऊ असते, तेव्हा खुरपं बाजूने वीतभर खाली घाल आणि गड्डा उचल. दोऱ्यासारखी मुळी दिसेल, ती न तोडता बोटाने पुढे जा. काळपट गाठी एकीला एक जोडलेल्या सापडतील, मण्यांच्या माळेसारख्या. एखादी फोडून बघ, आत पांढरी आणि वास नागरमोथ्याचा. या गाठी खतखड्ड्यात टाकू नकोस, तिथेही त्या फुटतात. गच्चीवर पत्र्यावर पसर आणि कडक उन्हात पंधरा दिवस खडखडीत वाळू दे. एका वर्षात हे संपत नाही. पण लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून मोकळी केलेली जागा उघडी ठेवू नकोस. तिथे रताळ्याचे वेल लाव.

गाजर गवताचं वेगळं. तुझा माळी त्याला काँग्रेस गिडा म्हणेल. १९५५च्या सुमारास ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते आपल्या पुण्यात, आणि आता देशभर आहे. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, तेव्हा पांढरी फुलं यायच्या आत मुळासकट काढायचं. हातमोजे घालूनच, नाहीतर अंगाला खाज सुटते, काहींना तर दमाही लागतो. पानांवर पांढुरक्या पाठीचा, तपकिरी रेघांचा लहानसा भुंगेरा दिसला तर त्याला मारू नकोस. तो मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला, १९८४ साली बंगळूरला सोडलेला. हे गवत हेच त्याचं जेवण.

बाकी सगळ्यावर एकच इलाज, आच्छादन. तण काढून झालं की ओल्या वर्तमानपत्राचे सहा-सात थर एकावर एक चढवून अंथर आणि वर चार बोटं पालापाचोळा. तुमच्या रस्त्याच्या होंगेची, म्हणजे आपल्या करंजाची, पानं थंडी सरता सरता ढिगाने गळतात. झाडूवालीला ती जाळू देऊ नकोस, पोत्यात भरून ठेव. नारळाची सोडणंही चालतात. फक्त रोपाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोड, नाहीतर बुंधा कुजतो. मैसूरला पाऊस मे महिन्यात आणि मग दसऱ्याच्या सुमारास जास्त, म्हणून आच्छादन वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी घालायचं. आणि शेणखत पुरतं कुजलेलंच घे. कच्च्या शेणातून गवताचं बी येतं ते तुझ्याच पैशाने.

फरशीच्या सांध्यातल्या गवतावर उकळतं पाणी ओत, आठवड्याने परत. मीठ मात्र कुठेच नको, माती नासते आणि लवकर सुधारत नाही. व्हिनेगरने नुसती पानं करपतात, मुळं जिवंतच राहतात.

सगळंच उपटायचं असंही नाही. हरळीचा एक कोपरा राखून ठेव, गणपतीला दूर्वा बाजारातून कशाला आणायच्या? आणि जाड, लालसर देठाची घोळ सापडेल, तिकडे तिला गोणी सोप्पू म्हणतात. देठ मोडून बघायचं. पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हे, टाकून दे. चीक नसेल तर धुऊन, चिरून तुरीच्या डाळीत घाल, वर लसणाची फोडणी. परवा रविवारी मी येते आहे, तेव्हा मागच्या अंगणातली तेवढी काढू नकोस.