जुन्या घराची डागडुजी : भिंत, लाकूड व फरशी यांचा मेळ

उसाचे बिल हाती आले की माळवदाच्या घराला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट देण्याची घाई होते. जरा थांबा. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, तसा काळ्या रानातला पाझरही वाढला. ही ओल जोत्यातून मातीच्या भिंतीत चढते. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो, सिमेंट कोंडून धरते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते आणि वरून काही दिसतसुद्धा नाही!

म्हणून आधी भिंत ठरवावी, बाकीचे तिच्या जोडीने. कळीचा चुना विरवून चांगला मुरू द्यावा (विरताना तो उकळतो, पोरांना लांब ठेवा). गिलाव्यावर चुन्याचीच सफेदी, तीत थोडी पिवडी. सागवानी खांब-तुळयांशी हा रंग छान जुळतो. लाकडाला जवसाचे तेल पुरे. खाली करडी शहाबादी फरशी. पांढऱ्या टाइलवरचे चिखलाचे पाय घरातल्या बायांनी किती पुसायचे?

मात्र त्याआधी माळवदाची गळती काढा, अंगणातले पाणी जोत्यापासून दूर वळवा. ओलीचे मूळ तसेच राहिले तर चुनाही टिकणार नाही.