नगर परिषदेतील राजकीय नेतृत्व : भूमिका आणि जबाबदाऱ्या
(डहाणू व तलासरी यांच्या संदर्भात)

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
● नगराध्यक्ष, नगरसेवक व मुख्याधिकारी यांच्या कार्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
● लोकप्रतिनिधींच्या उत्तरदायित्वाची कायदेशीर साधने सांगता येतील.
● अनुसूचित क्षेत्रातील नागरी नेतृत्वापुढील विशेष जबाबदारीचे विवेचन करता येईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला डहाणू व तलासरी हे शेजारी तालुके आहेत. डहाणू हे पश्चिम रेल्वेवरील किनारपट्टीचे गाव असून तेथे नगर परिषद आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेजवळ वसलेल्या तलासरीत पूर्वी ग्रामपंचायत होती. आता नगर पंचायत आहे. दोन्ही तालुके आदिवासीबहुल असून संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतात. नागरी संस्थेतील नेत्याचे कर्तव्य नेमके कोठे सुरू होते व कोठे संपते, हे समजून घेण्यास ही दोन उदाहरणे उपयुक्त आहेत.

विषय-विवेचन

१. कायद्याची चौकट

या दोन्ही संस्थांचा कारभार महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये चालतो. ग्रामीण स्वरूपातून नागरी स्वरूपाकडे संक्रमण होत असलेल्या क्षेत्रासाठी नगर पंचायत असते व तिच्यावर १७ सदस्य निवडून येतात. महिलांसाठी निम्म्या जागा आणि अनुसूचित जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. याशिवाय काही नामनिर्देशित सदस्य असतात. ते चर्चेत भाग घेऊ शकतात, परंतु त्यांना मताधिकार नसतो.

अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये संस्थेची आवश्यक व स्वेच्छाधीन कर्तव्ये सांगितली आहेत. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटारे, सफाई, रस्ते, जन्म-मृत्यू नोंदणी ही आवश्यक कर्तव्ये होत. आवश्यक कर्तव्याची तरतूद झाल्यावाचून सुशोभनावर खर्च करणे हे नेतृत्वाच्या प्राधान्यक्रमातील दोषाचे लक्षण मानावे लागते.

२. नगराध्यक्ष

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांतून, याबाबत महाराष्ट्रात वेळोवेळी बदल झाले. २०१६ मध्ये नगर परिषदांसाठी थेट निवडणूक आली, पुढे ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारली गेली. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाचा पक्ष आणि सभागृहातील बहुमत वेगवेगळे असू शकते. अशा वेळी सहमती घडवून आणणे हे नगराध्यक्षाचे पहिले राजकीय कौशल्य ठरते.

कलम ५८ नुसार सभांचे अध्यक्षस्थान भूषविणे, आर्थिक व कार्यकारी प्रशासनावर लक्ष ठेवणे आणि सार्वजनिक सेवा वा सुरक्षिततेसाठी तातडीची गरज असल्यास काम करण्याचा किंवा थांबविण्याचा निदेश देणे ही त्याची कार्ये आहेत. मात्र अशा निदेशाची माहिती पुढील सभेस द्यावी लागते. याचा अर्थ असा की, तातडीचा अधिकारही सभागृहाच्या अधीन राहतो.

३. नगरसेवक

नगरसेवकाची भूमिका दुहेरी असते. तो प्रभागाचा प्रतिनिधी असतो आणि संपूर्ण शहराचा विश्वस्तही असतो. प्रभागातील नळजोडणीचा पाठपुरावा ही पहिली भूमिका. अंदाजपत्रक वाचणे, लेख्यांवर प्रश्न विचारणे, विषय समित्यांत काम करणे आणि इतिवृत्त तपासून मगच कायम करणे ही दुसरी. पहिली भूमिका मतदारांना दिसते, दुसरी सहसा दिसत नाही. परंतु शहराचे दीर्घकालीन हित दुसरीवरच अवलंबून असते.

४. नेतृत्व आणि प्रशासन

मुख्याधिकारी हा राज्य शासनाने नेमलेला अधिकारी असतो. धोरण सभागृहाने ठरवावे आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याने करावी, अशी ही विभागणी आहे. निविदा कोणाला मिळावी किंवा कोणते बांधकाम पाडू नये, याविषयी तोंडी सूचना देणारा नेता ही सीमा ओलांडतो. उलट, ठराव होऊनही काम का झाले नाही, असे सभेत लेखी विचारणारा नेता आपले कर्तव्यच बजावतो.

नियंत्रणाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत : गैरवर्तनाबद्दल सदस्यास पदावरून दूर करणे (कलम ४२), अनधिकृत बांधकामासारख्या कारणांवरून अनर्हता (कलम ४४) आणि ठरावाची अंमलबजावणी निलंबित करण्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा अधिकार (कलम ३०८).

५. अनुसूचित क्षेत्र : ग्रामसभेनंतरची जबाबदारी

येथे एक महत्त्वाचा घटनात्मक प्रश्न उभा राहतो. पंचायतींसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. जमिनीचे अवैध हस्तांतरण रोखणे, गौण वनोपज, सावकारी यांबाबतही ग्रामसभेला व पंचायतींना स्थान आहे. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा भाग ९-क मात्र अनुच्छेद २४३-झेडसी अन्वये अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. संसद कायद्याने तो विस्तारित करू शकते. त्यासाठीचे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

परिणाम काय होतो, ते तलासरीच्या संदर्भात पाहा. ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली की दिवाबत्ती, रस्ते, विकास निधी यांची अपेक्षा वाढते. त्याच वेळी पाड्यावरील माणसाला पेसाखालील ग्रामसभेत उभे राहून विचारण्याची जागा राहत नाही. पूर्वी जो प्रश्न सर्व प्रौढ मतदारांसमोर यायचा, तो आता १७ निर्वाचित सदस्यांच्या सभेत येतो. आदिवासींच्या जमीन हस्तांतरणावरील जमीन महसूल संहितेचे निर्बंध (कलम ३६ व ३६-अ) कायम असतात. पण त्यांची जाणीव करून देणारी ग्रामसभा नसते.

म्हणून अशा नगरातील नेत्यावर एक अधिकचे दायित्व येते. कायदा सक्ती करीत नसला, तरी पाड्यापाड्यांत बैठका घेणे, विषयपत्रिका वारली भाषकांना समजेल अशा भाषेत सांगणे, करवाढ किंवा विकास आराखड्यापूर्वी लोकांचे म्हणणे लेखी नोंदविणे, हे त्याने स्वतःहून केले पाहिजे. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध वारली शेतमजूर एकत्र आले. त्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्याकडे कोणतेही शासकीय पद नव्हते. नेतृत्वाचा आधार पदात नसून लोकांशी असलेल्या संवादात असतो, हे या परिसराच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

६. पर्यावरण आणि आपत्ती

डहाणूच्या नेतृत्वाला आणखी एक मर्यादा सांभाळावी लागते. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि उद्योगांसाठीचे एकूण क्षेत्र ५०० एकरांपुरते मर्यादित केले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. रोजगाराची मागणी आणि चिकूच्या बागा, मासेमारी यांचे रक्षण या दोन्ही गोष्टी मतदारच मांडतात. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या वाढवण बंदराचा निर्णय नगर परिषदेच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु लोकवस्ती, पाणी व वाहतूक यांवर येणाऱ्या ताणाचे नियोजन मात्र तिच्या कक्षेत येते. आपल्या अधिकाराबाहेरचे आश्वासन न देणे आणि अधिकारातील काम न टाळणे, ही येथील प्रामाणिकपणाची कसोटी होय.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के वारंवार जाणवले. भीतीपोटी अनेक कुटुंबांनी रात्री घराबाहेर काढल्या. अशा प्रसंगी अफवा थांबविणे, शाळा व सार्वजनिक इमारतींची तपासणी मागणे, बांधकाम परवानगीत कसूर होऊ न देणे, ही लोकप्रतिनिधींची प्रत्यक्ष कामे ठरतात.

सारांश

नगराध्यक्ष व नगरसेवक यांचे कार्य आदेश देण्याचे कमी आणि धोरण ठरविण्याचे, देखरेखीचे व उत्तर देण्याचे अधिक असते. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे असते. अनुसूचित क्षेत्रातील नगरांत पेसाखालील ग्रामसभेचा आधार उरत नसल्याने लोकांचे मत जाणून घेण्याची जबाबदारी नेत्यांवर अधिक प्रमाणात येते. कायद्यातील ही पोकळी भरून निघेपर्यंत ती नेत्यांच्या वर्तनानेच भरावी लागेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नगराध्यक्ष व मुख्याधिकारी यांच्या अधिकारांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ग्रामपंचायतीचे नगर पंचायतीत रूपांतर झाल्यास आदिवासी नागरिकाला काय मिळते आणि तो काय गमावतो? चर्चा करा.
३. उपक्रम : आपल्या नगर परिषदेच्या अथवा नगर पंचायतीच्या एका सभेचे इतिवृत्त मिळवा. त्यातील ठरावांची आवश्यक व स्वेच्छाधीन कर्तव्यांत विभागणी करून आपले निरीक्षण १५० शब्दांत लिहा.